पोटावरच्या रेषा

गर्भाशयाच्या तोंडाशी कॅन्सर निघाला तेव्हा मला पंचवीस दिवस लाइट, म्हणजे किरणांचा शेक, घ्यायला सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी दोनदा बजावलं, एकही दिवस चुकवायचा नाही आणि पोटावर काढलेल्या जांभळ्या रेषा पुसू द्यायच्या नाहीत. त्या बघूनच मशीन लावतात.

मला एचआयव्ही आहे. नवरा गेला, तो आजार ठेवून गेला. म्हणून माझा नंबर रोज सगळ्यांच्या शेवटी. पंधराव्या दिवशी जांघेतली कातडी सोलली. लघवीला मिरची लावल्यासारखी आग, वर जुलाब. बाई म्हणाल्या, "तुमच्या अंगात आधीच ताकद कमी, म्हणून लवकर भाजलं."

यशवंतपूरला मी मोठ्या जाऊबाईंकडे राहत होते. माझ्यामागून त्या संडासात फिनेल ओतायच्या आणि मला ऐकू जाईल असं म्हणायच्या, "तोंड तेवढं मिटलेलं, बाकी सगळं वाहतंय."

पाडव्याला त्यांनी तेलाची वाटी, शिकेकाई आणि कढत पाण्याची बादली मोरीत ठेवली. रेषांसाठी मी रोज नुसतं अंग पुसून घेत होते.

"अक्का, पोटाला पाणी चालत नाही. रेषा जातील."

"कपाळावरचं पुसलं तेव्हा काही अडलं नाही, आता पोटावरचं जपतेस? सणाच्या दिवशी पारोशी बाई मला घरात नको. जा."

त्या दाराबाहेरच उभ्या राहिल्या. "पाणी ओतल्याचा आवाज येऊ दे!"

मी ओतलं. तोंडात पदर कोंबून ओतलं. रेषा गेल्या.

हॉस्पिटलातल्या पुरुषांपुढे पुन्हा पोट उघडं टाकून रेषा काढून घ्यायची मला लाज वाटली. मी बॉलपेनने आठवतील तशा काढल्या.

दुसऱ्या दिवशी मशीनवाल्याने बघताच हात मागे घेतला. "ताई, हे कोणी काढलं? दोन बोटं खाली आहे! यावर दिलं असतं तर आतडं भाजलं असतं."

सगळं माप पुन्हा घ्यायचं ठरलं. त्याचा नंबर पाच दिवसांनी लागला.

घरी सांगितलं, पाच दिवस सुट्टी आहे. जाऊबाई म्हणाल्या, "सरी, बरं झालं. तेवढंच फिनेल वाचेल."

त्या पाच दिवसांत कातडी सुकली. मी मांडी घालून जेवले. खोटं कशाला लिहू, मला बरं वाटलं.

सगळं संपल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "थोडी गाठ राहिली आहे."

त्या पाच दिवसांमुळे का, हे मला विचारायचं होतं. बाई वाट बघत होत्या. मी मान खाली घालून चप्पल शोधत राहिले.