झुलालभाऊंची जेवणाची रेकॉर्ड

झुलालभाऊ लाउडस्पीकरवाल्यांना इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं, पण धुळ्याजवळच्या आपल्या गावाला इंग्रजी गाण्यावर जेवायची सवय त्यांनीच लावली.

रेकॉर्ड भुसावळची. रेल्वेतला एक अँग्लो-इंडियन ड्रायव्हर रिटायर होऊन मुलाकडे ऑस्ट्रेलियाला निघाला, तेव्हा क्वार्टरबाहेर त्याचं सामान विकायला मांडलं होतं. झुलालभाऊ गेले होते फोनोच्या सुया बघायला. सुयांबरोबर ही लाँग प्लेही गळ्यात पडली. कव्हरवर चकचकीत निळ्या सुटातले पाच काळे अमेरिकन गायक एका ओळीत उभे, पाचही जणांनी तळवे वर करून हात पुढे केलेले. आत एकजण कळवळून विनवतो आणि बाकीचे झिलकऱ्यांसारखी री ओढतात, एवढं समजत होतं. काय विनवतो, ते गावानं कव्हर बघून ठरवून टाकलं. वरण मागतोय.

त्या भागात लग्नघरचं आवतण चूलबंद. म्हणजे त्या दिवशी आपल्या घरी चूल पेटवायचीच नाही. पण पंगतीला पहिला जो उठतो तो हावरा ठरतो, म्हणून बोलावणं येऊन गेलं तरी लोक ओट्यावर बसून शेजारच्या दाराकडे बघत राहात. झुलालभाऊंनी यावर तोड काढली. दिवसभर सिनेमाची गाणी, आणि पंगतीच्या वरण-बट्ट्या तयार झाल्या की निळे सुटवाले. कडुलिंबावरच्या कर्ण्यातून विनवणी सुरू झाली की अख्खं गाव एकदम उठे. आता यात हावरं कोण? रेकॉर्डच वाजली, माणसानं काय करावं?

सत्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीच्या सुमारास धुळ्याचा रुपचंद कॅसेटवाला आला. त्याच्याकडे स्पीकरचे मोठमोठे खोके, रंगीत दिवे, आणि शिवाय केसांना तेल. भाईदास पाटलांनी मुलीच्या लग्नाला त्यालाच सांगितलं. पाहुणे नाशिकचे, त्यांच्यापुढे झाडावरचा कर्णा बरा दिसत नाही, असं त्यांनी झुलालभाऊंना गोड शब्दांत समजावलं आणि चूलबंद आवतण तेवढं न विसरता दिलं. पाटलांचंच लग्न हातचं गेलं तर पुढं आपल्याला कोण बोलावणार, हे झुलालभाऊंना उमगलं. लग्नाच्या दिवशी ते घरात बसून कर्ण्याचा गंज घासत राहिले.

तिकडे लग्न लागलं, वऱ्हाड जेवलं, गावासाठी पत्रावळी मांडल्या, आणि गाव येईना. माणूस घरोघर फिरून आला. सगळे म्हणाले, येतो ना, वाजू तर द्या. रुपचंदनं एकामागून एक कॅसेटी लावल्या. लोकांनी त्या ओट्यावरूनच ऐकल्या, माना डोलावल्या, कौतुकही केलं.

शेवटी फेटा सावरत भाईदास स्वतः झुलालभाऊंच्या दारात आले.

"झुलालभाऊ, चाला. बट्ट्या थंड्या होई राह्यन्यात."

"माले आवतन शे ना, पाटील. रेकॉड वाजनी का येसू," झुलालभाऊ कर्णा घासत म्हणाले.

उत्तर आलं ते आतून, सकाळपासून उपाशी बसलेल्या त्यांच्या बायकोकडून, भिकुबाईंकडून.

"त्या पाची जणस्ले भूक नसंल. माले लागेल शे. उठा."

झुलालभाऊ उठले. फोनो डोक्यावर, रेकॉर्ड काखेत, मागं पाटील, अशी ती दुसरी वरात गल्लीतून निघाली. पण ओट्यावरचा एकही माणूस हलला नाही. अजून वाजलं कुठं होतं?

कर्णा घरीच राहिला होता, म्हणून रुपचंदनं फोनोची वायर आपल्या खोक्यांना जोडून दिली. सुई टेकली. गाव धावत सुटलं. झुलालभाऊ मात्र खोक्यासमोर उभेच राहिले. आजवर त्यांच्या कर्ण्यातून चौघंच ऐकू येत; पाचवा कव्हरवर शोभेला उभा केलाय, असं ते धरून चालले होते. तो आज गायला. पत्र्याच्या कर्ण्याला न पेलणारा, विहिरीच्या तळातून यावा असा खोल आवाज, छातीत घुमत राहणारा.

"भाऊ, मी कॅसेट भरी लेऊ का हिनी?" रुपचंदनं फार नम्रपणे विचारलं.

नाही म्हणायला पाहिजे, हे झुलालभाऊंना कळत होतं. पण कॅसेट भरायची तर रेकॉर्ड पुन्हा पहिल्यापासून लावावी लागणार होती. ते हो म्हणाले.

त्यानंतर पंचक्रोशीतली सगळी लग्नं रुपचंदकडे गेली. कॅसेट वाजते, गावं जेवतात. झुलालभाऊ आता प्रत्येक पंगतीला नुसते पाहुणे म्हणून येतात आणि खोक्याला पाठ टेकून बसतात. पाचवा गायला लागला की त्यांचा घास हातातच थांबतो. वाढप्याला वाटतं, भाऊंचं पोट भरलं. तो वरणाची बादली घेऊन पुढं जातो.