डाव्या हाताचं धनुष्य

पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या कारखान्यात तिला सगळे 'सांडलवंड' म्हणत. डिंकाचा डबा तिच्या हातून पडला नाही असा आठवडा गेला नसेल. खरं तर ती जन्माची डावरी. आईनं ती खोड मोडून काढली. आधी हात खुर्चीला बांधून, मग तापलेल्या उलथन्यानं. "डावरी पोर उजवायची कशी?" असं आई म्हणे. तेव्हापासून डाव्या हाताची दोन बोटं वळेनाशी झाली, आणि उजवा हात काही शहाणा झाला नाही. पुढं पोर उजवलीही गेली. हिच्या हातून सगळं सांडतं म्हणत नवऱ्यानं दीड वर्षात परत आणून सोडली. आईची माया वगैरे लोक बोलतात. ज्यांना मिळाली त्यांनी खुशाल बोलावं.

चाळिशीत, कारखान्यामागच्या मैदानावर तिरंदाजीचा वर्ग निघाला, तेव्हा ती नुसती बघायला गेली आणि तिथेच अडकली. महिनाभर वर्गाच्या उजव्या धनुष्यानं तिनं मागची भिंत तेवढी भोसकली. लोकांना फुकटची करमणूक झाली. तरी एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत ती मास्तरांपुढे उभी राहिली. "मला स्वतःचं धनुष्य घ्यायचंय."

मास्तरांनी तिचे दोन्ही हात पसरून माप घेतलं. मग म्हणाले, "ताई, पंजे जुळवा. मधल्या फटीतून कारखान्याच्या भिंतीवरचं ते घड्याळ बघा. आता एकेक डोळा मिटा."

उजव्या डोळ्याला घड्याळ दिसेचना. डाव्याला ते जागच्या जागी होतं.

"नेम धरणारा डोळा तुमचा डावा. लिहिता कुठल्या हातानं?"

"ज्या हातानं लिहायला लावलं, त्या."

म्हणजे दोरी डाव्या हातानं ओढायची. साध्या धनुष्याची दोरी तीन बोटांनी ओढावी लागते, आणि तिची दोन वळत नव्हती, तेव्हा ते बादच झालं. कंपाउंड धनुष्याच्या दोरीला हूक लावता येतो. तो मुठीत धरायचा आणि अंगठ्यानं कळ दाबायची. शिवाय टोकांच्या चाकांमुळे दोरी पूर्ण ओढली की ताण उतरतो, नेम धरायला उसंत मिळते. मास्तरांनी त्यातलं हलक्या ताणाचं एक डावं धनुष्य काढलं.

"पण विचार करा. हे डावं घेतलंत की डावंच. मागाहून उजवं करता येत नाही."

"कुणी करूही नये," ती म्हणाली.

तिनं तीन बाण सोडले. तिन्ही तळहाताएवढ्या जागेत जाऊन बसले. ती ढसाढसा रडली. मास्तरांना वाटलं, आनंदानं. तिला मात्र असा संताप आला होता की हात शिवशिवत होते.

धनुष्य खांद्याला लावून ती घरी निघाली तेव्हा तिला दीड तास उशीर झाला होता. आईची उजवी बाजू वर्षभरापूर्वी लुळी पडली होती. "डाव्या हातानं जेवण्यापेक्षा मी उपाशी मरेन," असं आईनं पहिल्याच दिवशी बजावलं होतं. म्हणून सकाळी झाकून ठेवलेलं ताट भरवायला ती रोज दुपारी धावतपळत येई.

आज दारातच तिचे पाय थबकले. आई जेवत होती. डाव्या हातानं. चमचा ताटात ठेवून तिनं माशातला बारीक काटा दोन बोटांनी अलगद उपसला, कडेला ठेवला, पुन्हा चमचा उचलला. खाली शीत पडलं नव्हतं. असा हात वर्षभरात तयार होत नाही. तो जन्मतःच तसा होता.

आईनं वर पाहिलं. चमचा हवेतच राहिला.

"माझीही मोडली होती खोड," आई हळूच म्हणाली. "माझ्या आईनं. तुला कुणी हसू नये म्हणून मी..."

"आणि जन्मभर हसले ते कुणाला?"

धनुष्य भिंतीला टेकवून ती पुढे आली. आईच्या हातातला चमचा काढून घेतला, पुसला, आणि लुळ्या उजव्या हातात दिला. त्या हाताची बोटं तिनंच एकेक करून चमच्याभोवती मिटवली.

"अगं, भूक लागलीय मला."

"मग जेव की," ती म्हणाली, आणि खुर्ची समोर ओढून आईकडे बघत बसली.