पाचवा ठिपका

"होळी खेळून आलीय ती. खुणा राहिल्या असतील कशाला!" डॉक्टर सरांनी कोबाल्टच्या, म्हणजे किरणांच्या मशीनच्या, खोलीचं दार आपटलं.

सीताबाई बाकावर कुशीवर टेकली होती. बसणं जमतच नव्हतं. ती दारव्ह्याजवळच्या बंजारा तांड्यावरची. तिची मुलं 'याडी' म्हणत, म्हणजे आई. मीही तेच म्हणायचे. आतड्याच्या शेवटच्या टोकाला कॅन्सरची गाठ होती, ऑपरेशनच्या पलीकडे गेलेली. किरणांनी ती बरी होणार नव्हती. रक्त थांबलं असतं, कळा कमी झाल्या असत्या. तिचं मागणंही तेवढंच होतं : "पोरीच्या लग्नात मले मांडी घालून बसता आलं पाह्यजे."

किरण गाठीवरच पडावेत म्हणून कमरेवर जांभळ्या औषधानं चार खुणा करतात. त्या पुसल्या की सगळं माप नव्यानं. माप चुकलं तर किरण भलतीकडे पडतात. "पेशंटला एवढं कशाला सांगायचं? पुसू नका म्हणायचं," असं सरांचं मत. मी चळवळीची पत्रकं वाचून वाढलेली यवतमाळची नर्स. शरीर तिचं, तर माहितीही तिची, असं सरांच्या तोंडावर म्हणून मी याडीला सारं समजावलं होतं.

पडद्याआड मी तिच्या घागऱ्याची नाडी सैल केली. जांभळा रंग गेला होता. त्या जागी हिरवे ठिपके होते. गोंदलेले!

"याडी, हे काय?"

"तूच म्हनलं ना, खुना गेल्या तं इलाज गेला? शाईचा काय भरोसा! शाई होती तवाच नणदेकून गोंदून घेतलं."

"आणि सुईची जागा पिकली असती तर?" सर कडाडले. पण मापाची टेप लावली. मग पुन्हा लावली. चारही ठिपके जागच्या जागी.

"हा पाचवा कशाचा?" सरांनी विचारलं.

"नजर लागू नाही म्हून," याडी म्हणाली. "तुमच्या मशीनीले."

नजरबिजर काही नसते, असं मी सुरू केलं. सर हसत सुटले. चार्टवर त्यांनी लिहिलं : पाचवा ठिपका मोजू नये.

किरणांचे शेक पुरे झाले. रक्त थांबलं.

वैशाखात मी तांड्यावर गेले. नवरी आईच्या गळ्यात पडून निरोपाची गाणी रडत गात होती, आणि आई मांडवात मांडी घालून बसली होती. मला पाहताच म्हणाली, "उभी काहून हायेस, बाई? बस ना. मी नाही का बसली!"

याडी दिवाळीपर्यंत होती. तिचे, त्या मशीनचे, आणि दार आपटूनही टेप दोनदा लावणाऱ्या सरांचे माझ्यावर उपकार आहेत.

आता खुणा कशासाठी, हे सर प्रत्येक पेशंटला स्वतः सांगतात. शेवटी एवढंच जोडतात : "गोंदायचं मात्र नाही."