हॅम्बर्गमध्ये ढोलकी

माझी मुलगी हॅम्बर्गमध्ये काय जेवते हे मला माहीत नाही, पण ती काय ऐकते हे मला रोज कळतं.

कारण साधं आहे. मुक्ता नोकरीसाठी जर्मनीला निघाली, तेव्हा जाता जाता तिने गाणी ऐकायचं आपलं खातं माझ्या फोनवर घालून दिलं. "तुझं वेगळं काढू का?" असं तिने विचारलं होतं. मी नको म्हटलं. एका घरात दोन खाती कशाला? (घर आता दोन देशांत पसरलंय, हा मुद्दा त्या वेळी कोणी मांडला नाही.)

"पण एका वेळी एकालाच ऐकता येतं हं, आई. तिकडे मी लावलं की इकडे तुझं बंद पडेल."

"पडू दे," मी म्हटलं. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये लोकांचं रक्त काढते. सुई बघून रडकुंडीला येणारी माणसं रोज बघते, 'मूठ आवळा' म्हणते आणि पुढच्याला आत बोलावते. गाणं मध्येच बंद पडलं म्हणून मी काही कोसळणार नव्हते.

पंचाईत अशी झाली, की मला ते बंद पडायची सवय लागली. दुपारी लॅबमधून कर्वेनगरला घरी यायचं, ताट वाढून घ्यायचं, गाणं लावायचं. गाणारी बाई अंतऱ्यावर पोचली की एकदम गप्प! म्हणजे तिकडे मुक्ता कानात घालून ऑफिसला निघाली. मग माझ्या पडद्यावर तिचं गाणं दिसायचं. ढोल बडवणारं काही असलं तर स्वारी मजेत आहे. एखादा मुलगा गिटार घेऊन रडत असला, तर काहीतरी बिनसलंय. रविवारी तिचा फोन आला की मी विचारायची, "सगळं ठीक ना?"

"हो गं. ट्रेनमध्ये आहे, आवाज तुटतोय."

आवाज अजिबात तुटत नसे. गिटारवाला मात्र तो आठवडाभर रडलेला असायचा.

आता मी काय ऐकत होते? संसार, सासूबाईंचं आजारपण आणि मुक्ताचे क्लास यांत जे जे ऐकायचं राहून गेलं, ते सगळं. रेडिओवरची जुनी भावगीतं, नाट्यपदं आणि एक अशी लावणी, जी लागली की माझे वडील उठून रेडिओचा कान पिळायचे. आता कान पिळणारं कोणी उरलं नाही, म्हणून ती मी लागोपाठ चारदा ऐकली. (चौथ्या वेळी वडिलांचं पटलं.) जे आवडेल ते मुक्ताला पाठवायची. तिच्याकडून उत्तरादाखल एक अंगठा यायचा. अंगठा म्हणजे, 'आई, ऐकलं नाही, पण तुझं बरं चाललंय हे समजलं.'

मग एका शनिवारी मला वेणीचं गाणं सापडलं.

मुक्ता शाळेत होती तेव्हा रोज सकाळी तिच्या दोन वेण्या घालताना मी एक गाणं गुणगुणायची. मला त्याचं एकच कडवं यायचं. पुढच्या कडव्याला मी चाल तीच ठेवून हाताला लागतील ते शब्द घालायची: हलू नको, रिबीन कुठाय, डबा घेतलास का. गाणं कुणाचं, कुठलं, काहीही आठवत नव्हतं. आणि त्या दिवशी ते ॲपने आपणहून समोर आणून ठेवलं! आमच्या ह्यांना लग्नाचा वाढदिवसही आपणहून आठवत नाही.

हे गाणं फोनच्या चिरक्या आवाजात ऐकायचं नाही, असं मी ठरवलं. मुक्ताने मागच्या खेपेला एक गोल स्पीकर आणला होता, तो ओट्यावर मांडला, जोडला, हात पुसले आणि गाणं लावलं.

काहीही वाजलं नाही.

पडद्यावर गाणं पुढे सरकत होतं. ओट्यावर शांतता. मी आवाज वाढवला. मग आणखी. मग पार टोकाला नेला. "अहो, जरा इकडे या!"

हे आले. स्पीकर उलटा केला, सुलटा केला, कानाला लावला. "तुझ्या स्वभावावर गेलाय," ते म्हणाले. "काम चालू, पण तोंडातून शब्द नाही."

"विनोद नंतर. आधी बघा."

ह्यांनी बघितलं, म्हणजे स्वतःच्या आवडीचं एक नाट्यपद लावलं. तेही पूर्ण आवाजात. तेही मुकं. आणि मग भलताच प्रकार सुरू झाला. आवाजाची पट्टी आपोआप खाली यायला लागली! मी वर न्यावी, तिने खाली यावं. मी वर, ती खाली. मध्येच गाणं थांबायचं, मी परत सुरू करायची. मला तेव्हाच कळायला हवं होतं. इतक्या हट्टाने माझा आवाज कमी करणारी व्यक्ती या जगात एकच आहे.

पण मी व्यावहारिक बाई. वस्तू बिघडली की दुकानात न्यायची. आम्ही स्कूटर काढली आणि बुधवार पेठ गाठली. गाडी लावायला जागा मिळणं शक्यच नव्हतं, त्यामुळे हे गाडीवरच बसून राहिले आणि मी स्पीकर घेऊन रफीकभाईंच्या दुकानात शिरले. आमचा लग्नातला टेपरेकॉर्डर रफीकभाईंच्या वडिलांनी दुरुस्त केला होता. तेव्हापासून आमच्या घरातलं वाजणारं सगळं त्यांच्याकडेच जातं.

"पाडला?" रफीकभाईंनी विचारलं.

"नाही हो."

"सगळे नाहीच म्हणतात. लावा, बघू. ढोलकीचं काहीतरी लावा. स्पीकरचा पडदा फाटलाय का ते ढोलकीवर लगेच कळतं."

ढोलकीचं माझ्याकडे एकच होतं. वडिलांची क्षमा मागून मी ती लावणी लावली. पूर्ण आवाजात. शांतता. रफीकभाईंनी दुसरा, कोरा करकरीत स्पीकर काढून जोडला. तोही मुका! तिसरा काढला. तोही! काउंटरवर तीन स्पीकर गंभीर चेहऱ्याने रांगेत बसले होते.

"ताई," रफीकभाई म्हणाले, "तुमचा फोन जरा लांब धरा. बाकीचा माल बंद पडायचा."

तेवढ्यात तो फोन वाजला. मुक्ता! आठवडाभर मी ज्याची वाट बघते तो फोन, शनिवारी, न सांगता आलेला. आणि मी तो कापला. माझं काम चालू होतं ना! तो पुन्हा आला. मी पुन्हा कापला आणि लावणी पुन्हा पहिल्यापासून लावली.

"घ्या की फोन," रफीकभाई म्हणाले.

"घेते निवांत. आधी हे मिटू दे."

तोच रस्त्यावरून हे धावत आत आले. स्कूटर तशीच सोडून! (पुण्यात माणूस आग लागल्याशिवाय असं करत नाही.) त्यांच्या हातात त्यांचा फोन होता. "मुक्ता आहे. म्हणतेय, आईला सांगा, कुठल्याही बटणाला हात लावू नको."

मी फोन घेतला. "काय गं?"

"आई, तू काय करतेयस?"

"बुधवारात आलेय, स्पीकर दुरुस्त करायला."

"तू माझ्या घरात ढोलकी वाजवतेयस!"

"मुक्ता, मी पुण्यात आहे."

"तू पुण्यात आहेस, ढोलकी माझ्या घरात आहे!"

मग उलगडा झाला. सकाळी मुक्ताने तिच्या स्वयंपाकघरातल्या मोठ्या स्पीकरवर गाणी लावली होती आणि ती तशीच मैत्रिणींबरोबर बाहेरगावी निघाली होती. ॲपच्या लेखी गाणी अजून त्याच स्पीकरवर चालू होती. त्यामुळे मी इकडे जे जे लावलं ते सगळं तिकडे, कुलूप लावलेल्या घरात, शनिवारच्या सकाळी, पूर्ण आवाजात वाजलं. ट्रेनमध्ये बसून ती बिचारी फोनवरून आवाज कमी करत होती, गाणं थांबवत होती, आणि मी चिकाटीने परत लावत होते.

खालच्या मजल्यावर घरमालकीण राहते. एकटी म्हातारी बाई. रविवारी कपड्यांचं मशीन लावलं तर मुक्ताच्या दारावर चिठ्ठी चिकटवते, सायकल तिरकी उभी केली तरी चिकटवते. ते घर मिळवायला मुक्ताने किती वणवण केली होती, ते मला ठाऊक होतं. तेव्हा गिटारवाला महिनाभर रडत होता.

"त्यांचा फोन आला मला," मुक्ता म्हणाली. "तुझ्या घरात कोणी बाई गातेय, कोण आहे, असं विचारलं. हे घर गेलं ना आई, तर मला दुसरं मिळायचं नाही."

"मग? तू काय सांगितलंस?"

ती जरा थांबली. आवाज तुटला असावा, असं मला वाटलं.

"मी म्हटलं, आई आलीय."

दुकानाबाहेर कोणीतरी आमच्या स्कूटरमागून कर्णकर्कश हॉर्न वाजवत होतं. ह्यांना जायला हवं होतं. हे गेले नाहीत.

"मग काय म्हणाल्या त्या?"

"म्हणाल्या, आई आली असेल तर ठीक आहे. उद्या केक आणून देते म्हणाल्या." मग ती म्हणाली, "आई, ते पहिलं गाणं वेणीचं होतं ना? नाव दिसलं म्हणून मी ते इथे दुसऱ्या ॲपवर शोधून ऐकलं. त्याला दुसरं कडवंही आहे."

"असतं गं."

"मला इतकी वर्षं वाटायचं, 'हलू नको, रिबीन कुठाय' हेच दुसरं कडवं आहे."

रफीकभाईंनी स्टूल पुढे सरकवलं. मी बसले. "धूळ फार आहे हो तुमच्या दुकानात," मी म्हटलं.

"आहे," ते म्हणाले, आणि तिन्ही स्पीकर प्रेमाने पुसून पुन्हा खोक्यांत घालायला लागले.

संध्याकाळी मुक्ताने मला वेगळं खातं काढून दिलं. मी हो म्हटलं. दोन माणसांना दोन खाती हवीत, हे कुणालाही पटेल. दुसऱ्या दिवशी जेवताना गाणं लावलं, ते पहिल्यापासून शेवटपर्यंत अखंड वाजलं. कुठे अडलं नाही, कुणी थांबवलं नाही. इतकी गैरसोय मला आयुष्यात कधी झाली नव्हती. ताट अर्धं सोडून मी उठले.

पण एक झालं. त्या केकमुळे मुक्ताचा फोन रोज यायला लागला. घरमालकीण जिन्यात रोज आईची चौकशी करायची आणि काय सांगायचं ते आम्हाला दोघींना मिळून ठरवावं लागायचं.

"आई, आज तू कुठे गेलीस सांगू?"

"काल कुठे गेले होते?"

"काल तुझा गुडघा दुखत होता."

"मग आज बाजारात गेले म्हण. रोज गुडघा बरा दिसत नाही. आणि केक कसा होता?"

"तुला फार आवडला. दोन तुकडे खाल्लेस. आता प्रत्यक्ष केव्हा भेटशील, विचारत होत्या."

हे असं किती दिवस रेटणार? खोटेपणा मला मुळातच खपत नाही. शिवाय मुलीच्या घराचा प्रश्न. तेव्हा भावना वगैरे बाजूला ठेवून, निव्वळ व्यवहार म्हणून मी लॅबमध्ये रजा टाकली आणि तिकिटांची चौकशी केली.

"म्हणजे चुकून स्पीकर वाजला म्हणून तू जर्मनीला चाललीस," हे म्हणाले.

"हो."

"आणि मी?"

"तुम्ही आलाय असं तिने सांगितलेलं नाही."

व्हिसाच्या कार्यालयात खिडकीमागच्या मुलीने विचारलं, "मॅडम, प्रवासाचं कारण?"

मी रोज इतरांना 'मूठ आवळा' म्हणते. त्या दिवशी पदराखाली स्वतःची आवळली आणि खरं ते सांगून टाकलं: "कारण असं काही नाही हो. मी तिथे आधीच आहे, आता फक्त जायचं राहिलंय!"