काठापासून मागे

वसुधाताई गेल्याचा फोन आला, तेव्हा मी केंद्राच्या छपरावर कौलं बसवणाऱ्याशी वाद घालत होतो. "काकू सकाळी गेल्या," त्यांचा पुतण्या एवढंच म्हणाला. मी फोन खिशात ठेवला आणि तोच वाद पुढे चालू केला... दुसरं काही सुचलंच नाही.

ताई सदाशिव पेठेत राहायच्या. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. शहराबाहेर नदीच्या खोऱ्यात निसर्ग-अभ्यास केंद्र बांधायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा संस्थेने त्यांना सल्लागार नेमलं. माझा पहिला आराखडा अगदी काठावरचा होता, मोठी काच आणि समोर पाणी. तो पाहून ताईंनी विचारलं, "आपण पावसाळ्यात कधी इथे आला होतात, की फोटोवरूनच प्रेमात पडलात?" मग त्या मला खोऱ्यातल्या गावात, धोंडिबाकडे घेऊन गेल्या. म्हाताऱ्याने काठापासून बराच वरचा एक उंबर दाखवला. "हितवर येतंय पानी. दरसाल न्हाई, पन येतंय."

मला पटलं होतं. पण विश्वस्तांना काच हवी होती, आणि मी त्याच आराखड्यावर सही केली. ताई भांडल्या नाहीत. "सही तुमची आहे," म्हणाल्या आणि बैठकांना यायच्या बंद झाल्या. वर्षभर आम्ही बोललो नाही. जोतं बांधून झालं आणि त्याच पावसाळ्यात नदी उंबरापर्यंत चढली. ओसरली तेव्हा जोत्यावर गुडघाभर गाळ होता.

काय बोलायचं ते मनात जुळवत मी त्यांच्या घरी गेलो. त्यांनी दार उघडलं, माझ्या पायांकडे पाहिलं. "अहो, ते चिखलाचे बूट बाहेर. चहा घेणार ना?" त्या विषयावर त्या पुढे कधीच बोलल्या नाहीत. आम्ही पुन्हा रेघा मारायला बसलो, या खेपेला उंबराच्याही वर, टेकडीच्या पायथ्याशी, लहान, बसक्या इमारतीच्या. मग परवानग्या, बदलणारे विश्वस्त, पुन्हा परवानग्या. ताई थकत गेल्या. मीही. शेवटी शेवटी त्या फोनवर फक्त विचारायच्या, "भिंती कुठवर आल्या?"

गेल्या आठवड्यात केंद्र उघडलं. भाषणं संपल्यावर धोंडिबा जवळ आला. "बाई न्हाई आल्या?" त्याला कुणी कळवलंच नव्हतं. मी सांगितलं. तो खाली बसला.

थोड्या वेळाने मी त्याला अभ्यासिकेत नेलं. पुतण्याने पाठवलेलं ताईंचं कपाट तिथे आहे. वाळवलेला झाडपाला चिकटवलेले शेकडो कागद, आणि प्रत्येकाखाली त्यांच्या बारीक अक्षरात रोपाचं नाव, जागा, दाखवणाऱ्याचं नाव. खोऱ्यातल्या रोपांच्या गठ्ठ्यात पुन्हा पुन्हा एकच नाव होतं. मी वाचून दाखवलं, "दाखवणारे, धोंडिबा."

"वाचा की अजून," तो म्हणाला.