विटेच्या तुकड्याची रेघ
माझ्या इंग्रजी शब्दकोशाला अजून पुराच्या गाळाचा वास येतो. तो उघडला की सांगलीतली ती दुपार आठवते. कृष्णेचं पाणी आमच्या गल्लीच्या तोंडाशी आलं होतं. सरकारी गाडीतले साहेब, सत्काराला उत्तर द्यावं त्या थाटात, कोयनेतून किती क्युसेक सोडले ते भोंग्यावरून सांगून निघून गेले. "क्युसेक म्हंजे किती वो?" शेजारच्या काकूंनी विचारलं. मी शब्दकोश आणून अर्थ वाचला, सेकंदाला एक घनफूट. शिवाय, तिथलं पाणी इथं यायला बराच वेळ लागतो, घाई नको, असंही ठणकावलं. खरं म्हणजे घरात आई अंथरुणाला खिळलेली होती आणि तिला हलवायची मला भीती वाटत होती. काकूंनी मघाशी पाण्याच्या वर वीतभर, भिंतीवर विटेच्या तुकड्यानं रेघ मारली होती. "आवं, ते पुस्तक ऱ्हाऊ द्या. माझी रेघ कुठं गेली, तेवढं सांगा." रेघ पाण्याखाली गेली होती. शब्दकोश ओट्यावर टाकून आम्ही दोघांनी आईला खुर्चीत बसवलं आणि खुर्चीसकट उचललं. गल्ली ओलांडेपर्यंत पाणी कमरेला लागलं, आणि आई माझी कॉलर सोडायला तयार नव्हती. आजही बातम्यांत क्युसेकचा आकडा ऐकला की मी अर्थ लावत बसत नाही, विटेचा तुकडा शोधतो.