समाचाराला आलेलं गिऱ्हाईक

कोल्हापुरात चांगलं घर विकायला निघालंय हे आपल्याला कळेपर्यंत ते विकलेलं असतं. गेटवर बोर्ड दिसला म्हणून फोन करावा, तर पलीकडून उत्तर ठरलेलं, "झालं की ओ ते, कवाच!" भाड्याच्या घरात राहून मी पार कावले होते. आमचे हे शिरोली एमआयडीसीत, फौंड्रीत. सुट्टीचा एक दिवस मिळायचा, तोही घरं बघण्यात जायचा आणि आम्ही हात हलवत परत. शेवटी कुणीतरी एक एजंट सुचवला. बोर्ड लागायच्या आधी हा माणूस थेट आत नेऊन घर दाखवतो, अशी त्याची ख्याती.

एका दुपारी त्याचा फोन आला. "वैनी, फुलेवाडीच्या बाजूला बंगला हाय. फोटो कुठं टाकलेला न्हाय, कुणाच्या कानावर न्हाय. फकस्त येताना मोसंबी घेऊन या."

"मोसंबी कशाला?"

"मालकाची आई पाय मोडून अंथरुणावर हाय. घर मालकाच्या नावावर, त्याला पुण्याला जायचंय. म्हातारीला अजून सांगितलेलं न्हाय, बरी झाली की सांगणार हाय. तवर तुम्ही समाचाराला आलेलं पावणं."

"असलं नाटक मला जमायचं नाही," मी घरात सांगून टाकलं. ह्यांनी मात्र मोसंबी आणली. "बघायला काय जातंय?" म्हणाले. आमच्याकडं आजाऱ्याला बघायला कुणीही जातं, लांबच्या ओळखीचंसुद्धा, आणि हातात फळं घेऊन आलेल्याला तू कोण म्हणून कुणी विचारत नाही. त्या एजंटानं बरोब्बर हेच हेरलं होतं.

घर चांगलं होतं. ऐसपैस, उजेडाचं, मागं लिंबाचं झाड. मला एकदम आवडलं आणि त्याचीच भीती वाटली. मालक पन्नाशीचा, "या, या" म्हणत होता, पण नजर जमिनीवर. एजंट आणि हे त्याच्याबरोबर गच्चीवर गेले. मला म्हातारीपाशी बसायला सांगितलं.

खोलीत शिरले. उशाशी टेबलावर मोसंब्यांची रास होती, खालची नासायला लागलेली. बिस्किटांचे पुडे, एकही न फोडलेला. म्हणजे आमच्याआधी किती जण येऊन गेले होते कोण जाणे! आणि म्हणे कुणाच्या कानावर न्हाय. मुडदा बशिवला त्या एजंटाचा! कोपऱ्यात वॉकर, त्यावर टॉवेल वाळत घातलेला. स्टुलावर ताट, त्यातली भाकरी तशीच.

म्हातारी टक्क जागी होती. "बस बाई. कुठली तू?"

"गडहिंग्लजची." एवढं तरी खरं होतं. "मावशी, जेवला नाहीत?"

"आता जेवून काय करू?" तिनं माझं मनगट धरलं. हात बर्फासारखा गार. "दार लोट. एक विचारतो, खरं सांग. पोरगं सांगत न्हाय. मला आतनं काय झालंय?"

"पाय मोडलाय की, मावशी."

"पाय मोडल्यावर एवढी माणसं येत्यात व्हय? रोज कोण ना कोण हायच. ह्या पोराचा बा वारायच्या आधी अशीच रीघ लागलीती. डॉक्टरनं सगळ्यास्नी सांगितलंतं, त्यांना एकट्याला सोडून. ही माणसं माझ्याकडं बघत न्हाईत. वर बघत्यात, भिंतीकडं बघत्यात. मरायला टेकलेल्याच्या तोंडाकडं बघवत न्हाय, ठाऊक हाय मला." मग शांतपणे म्हणाली, "म्हणून गोळ्या बंद केल्या. पोराला किती दिवस अडकवायचं?"

डोक्यावर गच्चीत पावलं वाजत होती. कुणीतरी टाकीवर थापा मारून बघत होतं. पाय सोडला तर बाई धडधाकट होती आणि आमच्यासारख्यांची मोसंबी बघून मरणाची तयारी करत होती. खरं सांगावं तर घर जाणार हे कळणार. गप्प बसावं तर ती जाणार. माझ्याच्यानं गप्प बसवेना.

"मावशी, तुम्हाला काहीही झालेलं नाही. ही माणसं तुम्हाला बघायला येत नाहीत, घर बघायला येतात. आम्हीपण त्यालाच आलोय. हे घर विकायला काढलंय."

तिनं वर स्लॅबकडं बघितलं, भिंतीकडं बघितलं. आता रडणार, असं मला वाटलं. पण ती कोपरावर जोर देऊन उठून बसली.

"माझ्या पोराला ठाऊक हाय हे?"

मीही भिंतीकडंच बघितलं.

"न्हाय न्हवं? वाटलंच मला. भोळं हाय ते. कुणालाबी घरात घेतंय, च्या पाजतंय. आणि ही भाडखाऊ त्याच्या पाठीमागं घराचा सौदा करायलेत!" तिनं ताट ओढलं. वाळकी भाकरी पाण्यात बुडवून भराभर खायला लागली, गालावरनं पाणी ओघळत होतं तरी थांबेना. "एवढ्यात त्याला सांगू नगंस. हाय खाईल. मला पायावर उभं ऱ्हाऊ दे, मग एकेकाला बघतो. तो वॉकर हिकडं दे."

मी टॉवेल काढून वॉकर दिला. दुसरं काय करणार होते?

तिघं खाली उतरले. मालक स्वतः चहा घेऊन आत आला. आईला उठून जेवताना बघून त्याचा चेहरा फुलला, अगदी खरोखरीचा. "आई! जेवतीस व्हय!"

"जेवतो की." तिनं त्याला हाताला धरून शेजारी बसवलं आणि दारात उभ्या असलेल्या ह्यांच्यावर आणि एजंटावर नजर रोखली. पोराच्या पाठीवरनं हात फिरवत म्हणाली, "तू भिऊ नगंस. मी हाय."